नियम कोणी सांगावयाचे?

घरात नवी वस्तू आली की खोके उघडावयाचे आणि तळाशी घडी घालून ठेवलेली माहितीपुस्तिका अगोदर बाजूस काढून ठेवावयाची, ही आमच्या पिढीची रीत. ती वाचली जाई, असे म्हणवत नाही. बहुधा ती कपाटातल्या एका प्लास्टिकच्या पिशवीत पंख्याच्या, मिक्सरच्या आणि गॅसच्या शेगडीच्या पुस्तिकांशेजारी जाऊन पडे आणि पुढे घर बदलतानाच त्या पिशवीचे दर्शन होई. तरीही पुस्तिका घरात आहे, या जाणिवेत एक स्वस्थता असे. गेल्या दिवाळीत नोएडातील आमच्या घरी नातवाने साठविलेल्या पैशांतून एक व्हिडिओ गेम विकत घेतला. तो दुकानात गेला नाही, की दारी खोके आले नाही. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि ती भरली तेव्हा खरेदी पुरी झाली, असे आम्हांस कळले. आम्ही सवयीने विचारले, "आणि याची पुस्तिका?" तो हसला. "पुस्तिका नसते आता, आजोबा. खेळायचं कसं ते खेळच शिकवतो."

खेळाने खरोखरच शिकविले. पडद्याच्या कोपऱ्यात एकेक सूचना उमटे, तो तसे करी आणि सूचना नाहीशी होई. पाऊण तासाने मात्र एका ठिकाणी तो अडला. मघाशी वाचलेली सूचना त्यास पुन्हा पाहावयाची होती, पण ती परत येईना. अखेर त्याने मोबाइल उचलला आणि कोणा दूरदेशीच्या मुलाने हौसेने केलेली चित्रफीत पाहून मार्ग काढला. प्रसंग एवढाच. परंतु त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या मनातून जाईना. विकत दिलेल्या वस्तूबरोबर तिचे ज्ञानही द्यावयास हवे, असे काही बंधन देणाऱ्यावर आहे काय? आणि असल्यास ते कशाने फिटते?

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे काही वाचकांस वाटेल. ज्या शहरात हिवाळा आला की श्वास घेण्याची पंचाईत होते, तेथे मुलांच्या खेळाच्या पुस्तिकेची चिंता कोणी वाहावी? पण नियम या गोष्टीची पहिली ओळख मुलास खेळातच होते. कायदा, न्याय, करार हे शब्द कानी पडण्यापूर्वी 'राज्य कोणावर' आणि 'बाद कोण' हे त्यास कळलेले असते. नियम कोठून येतात, कोणास ठाऊक असतात आणि कोणास बदलता येतात, याविषयी लहानपणी जी समजूत होते, तिचा ठसा मोठेपणीच्या नागरिकावरही राहतो, असे आम्हांस वाटते.

पुस्तिकेचा पूर्वेतिहास मोठा मनोरंजक आहे. १९८० नंतरच्या दशकात हे खेळ कार्ट्रिजमध्ये भरून येत आणि त्यांत जागा फार थोडी असे. निन्टेंडोचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ १९८६ साली जपानात आणि १९८७ साली अमेरिकेत निघाला. त्याचे अमेरिकी कार्ट्रिज अवघ्या १२८ किलोबाइटचे होते. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट जागा व्यापते. एवढ्याशा जागेत खेळ बसविल्यावर कथा, पात्रांची ओळख, शस्त्रांची नावे आणि नकाशा यांस ठाव उरत नसे. ते सारे कागदावर जाई. म्हणजे पुस्तिका ही खेळास जोडलेली पुरवणी नव्हती, खेळाचाच काही भाग कागदावर वसत असे.

पुढे तर काही कर्त्यांनी पुस्तिकेवाचून खेळ पुढे सरकूच नये, अशी योजना केली. जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली निघाला. नव्वदीच्या दशकात आपल्याकडे ज्यांनी संगणकाचे वर्ग पाहिले, त्यांस पांढऱ्या पोशाखातला तो राजपुत्र आठवत असेल. त्या खेळात एक दालन लागे. तेथे अक्षरे लावलेल्या कुप्या मांडलेल्या असत आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतील अमुक शब्दाचे पहिले अक्षर पाहून त्या अक्षराची कुपी प्यावी लागे. ज्याने चोरून नक्कल केली त्याच्याजवळ पुस्तिका नसणार, ही त्यामागची युक्ती. १९९० सालच्या 'स्टारट्रॉपिक्स' या खेळाच्या खोक्यात एक खरेखुरे पत्र असे. ते पाण्यात भिजविले की त्यावर गुप्त आकडा उमटे आणि त्या आकड्यावाचून खेळातील पाणबुडी चालत नसे. ज्यांनी खेळ भाड्याने आणला आणि पत्र हाती आले नाही, ते तेथेच अडकून बसत. १९९८ सालच्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये एका पात्राशी बिनतारी संपर्क साधण्याचा आकडा डिस्कच्या वेष्टनाच्या पाठीवर छापलेला होता आणि तो तेथे पाहावा, असे खेळच सुचवीत असे.

मग साठवणीची जागा वाढली, तसा कागद आटत गेला. २००३ साली 'स्टीम' हे दुकान सुरू झाले आणि संगणकावरचे खेळ घरबसल्या उतरवून घेण्याची प्रथा हळूहळू रूढ झाली. २०१० साली युबिसॉफ्ट या कंपनीने त्या काळच्या दोन प्रमुख यंत्रांवरील आपल्या खेळांच्या छापील पुस्तिका बंद करून त्या पडद्यावरच देण्याचे जाहीर केले. कारण दिले ते कागद व झाडे वाचविण्याचे. ते कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. त्याबरोबर छपाईचा खर्च वाचला, वजन वाचले आणि अनेक भाषांत छापून घेण्याची दगदगही वाचली, एवढेच. पुढे पडद्यावरची पुस्तिकाही पुष्कळ ठिकाणी नाहीशी झाली. जी वस्तू विकल्यानंतरही दर महिन्यास दुरुस्त होत असते, तिची पुस्तिका छापणार तरी कशी, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो.

खेळ करणाऱ्यांची बाजू याहूनही बळकट आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ते म्हणतात, ज्या खेळास पुस्तिका लागते तो खेळ नीट रचलेलाच नाही. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण होय. खेळाडू डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा दिसते, म्हणून तो आपसूक उजवीकडे निघतो. समोरून एक शत्रू चालत येतो. त्यास धडकले की मरण, वरून उडी मारली की तो चिरडतो. दोनतीन प्रयत्नांत, कोणी एक शब्द न बोलता, खेळाचा गाभा हाती येतो. पोहणे पुस्तकातून येत नाही आणि पुरणपोळीची कणीक किती सैल असावी, हे कोणत्याही पाकपुस्तकापेक्षा आईच्या हातास अधिक कळते. करून शिकणे हेच खरे शिकणे असेल, तर पुस्तिका गेली म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण काय?

दिल्लीकर वाचक तर याहून पुढे जाऊन म्हणतील की, येथे पुस्तिका होतीच कधी? कनॉट प्लेसच्या पोटातला पालिका बाजार आणि दक्षिणेकडचे नेहरू प्लेस येथून ज्यांनी नव्वदीच्या दशकात किंवा त्यानंतर डिस्का आणल्या, त्यांस पातळ पिशवीत घातलेली, वर मार्करने नाव लिहिलेली ती चकती आठवेल. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचे नाव येत राहिले, ते काही उगाच नव्हे. त्या चकतीबरोबर पुस्तिका नसे, हमी नसे, आणि तक्रारीस जागाही नसे. आमच्या मुलांची पिढी त्यावरच वाढली. पण ती मुले शिकली कशी? वसाहतीत एखादा थोरला मुलगा असे. त्यास सारे ठाऊक असे. त्याच्या घरी दुपारी पाचसहा मुले जमत, तो खेळे, बाकीची पाहत, आणि पाहता पाहता 'दादा, ते दार कसं उघडलंस?' असे विचारून घेत. पुस्तिकेची जागा त्या दादाने घेतलेली होती, आणि दादा पुनःपुन्हा विचारले तरी सांगे.

या ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. १९८९ साली पुस्तिका ही सचोटीची खूण होती. पैसे देणाऱ्याजवळ ती असे, चोरी करणाऱ्याजवळ नसे. आज पूर्ण किंमत मोजणारा आमचा नातू आणि काल पातळ पिशवीतली चकती आणणारा मुलगा हे दोघे पुस्तिकेच्या बाबतीत एकाच पंक्तीस आले आहेत. चोराने चोरीच्या मालाबरोबर माहिती मागितली तर तो हसण्याचा विषय होईल. पण ज्याने मोल दिले, त्याने ती मागितली तरी हसावे, हे कोठले न्यायाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेळाचे नियम लिहून ठेवणे ही काही पाश्चात्त्य कारखानदारांची टूम नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचविला. त्याच्या पाच विंशतींपैकी एक क्रीडांस वाहिलेली आहे आणि त्या ग्रंथात बुद्धिबळाचेही वर्णन आहे. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ लिहिला. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीस जाऊन स्थायिक झालेले, म्हणजे आपल्यासारखेच परमुलखात राहिलेले. त्या ग्रंथाचा 'व्यवहारमयूख' हा भाग पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई व गुजरातेकडील न्यायालयांत वारसाहक्काच्या वादांत प्रमाण मानला गेला. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात नीलकंठांनी बुद्धिबळाचे विवेचन केले आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी कशी व्हावी, हे सांगणाऱ्या लेखणीस पटावरचे मोहरे कसे चालतात, हे सांगणे हलके वाटले नाही. अलीकडचे पाहावयाचे तर १९१४ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले, आणि १९३६ ते १९४९ या काळात बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत निघाले.

खो-खो त्यापूर्वीही पिढ्यानुपिढ्या चालतच होता. पोरे पाहून शिकत, करून शिकत. मग नियम लिहावयाची गरज का पडली? एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघाशी खेळू लागला म्हणून. घरच्या अंगणात वाद झाला तर थोरला सांगेल ते प्रमाण. परका समोर आला की प्रमाण दोघांच्याही बाहेर असावे लागते. लिखित नियमाचे खरे कार्य हेच आहे. तो शिकवितो, ते त्याचे दुय्यम काम. मुख्य काम असे की, तो दोन्ही पक्षांहून निराळा उभा राहतो आणि कोणासही त्याच्याकडे बोट दाखविता येते. पंचानेसुद्धा भलतेच सांगितले तर, 'काढा पुस्तक,' असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या गड्यासही मिळतो.

या कसोटीवर 'खेळच शिकवितो' हे उत्तर तपासून पाहावे. खेळ शिकवितो, हे खरे. परंतु तो त्यास वाटेल तेव्हा, वाटेल तेवढेच शिकवितो, आणि शिकविलेले शब्द मागे ठेवीत नाही. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा, तोच नियम सांगणार, तोच ते बदलणार आणि काल काय सांगितले होते, हे दाखविणारा कागद कोणाजवळच नसणार. मारिओ उत्तम शिकवीत असे, तरी त्याच्या खोक्यात पुस्तिका होतीच. शिकविण्याची कला आणि लेखी वचन या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली साधली म्हणून दुसरीचे ऋण फिटत नाही.

हे बोलणे अवघड वाटत असेल तर पैशाचे उदाहरण घ्यावे. अलीकडच्या अनेक खेळांत बंद पेट्या विकावयास ठेवलेल्या असतात. पैसे द्यावयाचे, पेटी उघडावयाची, आत काय निघेल ते नशीब. दुर्मिळ वस्तू किती पेट्यांमागे एकदा निघते, हा त्या खेळाचा एक नियमच आहे. तो कोठे तरी आकड्यांत लिहिलेला असतोच, कारण यंत्रास अंदाजाने काही करता येत नाही. फक्त तो खेळाडूस सांगितलेला नसे. चीनने २०१७ साली या शक्यतांचे प्रमाण जाहीर करणे सक्तीचे केले. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी २०१८ साली अशा काही पेट्यांस जुगारच ठरविले. जुन्या पुस्तिकेत शत्रूंची कोष्टके असत, कोणते शस्त्र किती चालते ते दिलेले असे. तशी पुस्तिका देण्याची चाल राहिली असती, तर पेटीचे प्रमाणही तेथेच छापावे लागले असते, निदान ते का छापले नाही, असे तरी कोणी विचारले असते. सांगण्याची चाल मोडली, की लपविण्यास निराळी युक्ती योजावी लागत नाही.

आपल्या कायद्यास या गोष्टीची जाण मुळीच नाही, असे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा येथेच, दिल्लीत संसदेने संमत केला आणि २०२० च्या जुलैपासून तो अंमलात आला. वस्तूचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क त्यात सांगितला आहे. इतकेच नव्हे, तर हानी टाळण्यासाठी वस्तूच्या योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर उत्पादकास जबाबदार धरण्याची तरतूदही आहे. सूचना न देणे हाही वस्तूतला दोष, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. मात्र हे कलम हानीपुरते आहे. आणि उत्पादित वस्तूची व्याख्या करताना ती वायुरूप, द्रवरूप किंवा घनरूप असू शकते, असे कायदा म्हणतो. निळी पट्टी भरल्यावर आमच्या घरात जे आले ते या तिहींपैकी कोणते, हा प्रश्न आम्ही वकील वाचकांवर सोपवितो.

किंबहुना, काही आले होते की नाही, हाही वादाचा विषय आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे की, मागाहून काढून घेता येईल असा खेळ विकताना 'विकत घ्या' असे मोघम म्हणता येत नाही, हा केवळ परवाना आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. युबिसॉफ्टचा २०१४ सालचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आला. त्याचे काम कंपनीच्या दूरस्थ यंत्रांवाचून चालत नसे, म्हणून ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांच्याही हातून तो गेला. त्यानंतर असे खेळ निकामी करू नयेत म्हणून युरोपात झालेल्या निवेदनावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. पुस्तिका मागे राहिली असती तर खेळ वाचला असता, असे नाही. पण तो काय होता, एवढे तरी उद्याच्या माणसास कळले असते. 'स्टारट्रॉपिक्स' २००८ साली डिजिटल रूपात पुन्हा निघाला, तेव्हा त्या भिजणाऱ्या पत्राची नक्कल पडद्यावर करून द्यावी लागली, कारण पत्राशिवाय तो खेळ पुराच होत नव्हता. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकांस पुस्तकाची एकेक प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांस पाठवावी लागते. त्यांत आपली दिल्ली पब्लिक लायब्ररीही आहे. तो कायदा छापील शब्दापुरता आहे. जे छापलेच जात नाही, त्याची प्रत कोण कोणास पाठविणार?

येथे एका आक्षेपास उत्तर दिले पाहिजे, कारण तो आमच्या नातवानेच घेतला. तो म्हणाला, "सगळं आधीच सांगितलं तर मजा काय राहिली?" आक्षेप खरा आहे. २०२२ साली 'ट्यूनिक' नावाचा एक खेळ निघाला. त्यात पुस्तिका आहे, पण ती फाटलेली, पानापानांनी खेळातच विखुरलेली आणि बव्हंशी एका कल्पित लिपीत लिहिलेली. ती पाने गोळा करणे व उलगडणे हाच खेळ. तेव्हा अज्ञान हे स्वतः वाईट नाही. अज्ञानातून ज्ञानाकडे जाण्याचा आनंद हाच तर खेळाचा प्राण. आम्हांस वाटते, येथे नियम आणि मर्म असा भेद करावयास हवा. घोडा अडीच घरे चालतो, हा नियम. त्या घोड्याने एकाच वेळी राजा व वजीर दोघांस कसे पेचात धरावे, हे मर्म. नियम लपविणारा लबाड, आणि मर्म सांगून टाकणारा रसभंग करणारा. 'ट्यूनिक'ने लपविले ते खेळाडूच्या आनंदासाठी, बंद पेटीने लपविले ते विक्रेत्याच्या गल्ल्यासाठी. एखादी गोष्ट गुप्त ठेवणे योग्य की अयोग्य, हे ठरविताना ती उघड झाल्यावर माणूस हसेल की फसल्यासारखे त्यास वाटेल, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

मग आज नियम सांगतो कोण? खेळाडूच परस्परांस सांगतात. कोणी चित्रफीत करतो, कोणी कोष्टके भरून ज्ञानकोश रचतो, आणि त्यास कोणी छदामही देत नाही. २०२२ साली एका अमेरिकी संग्राहकाने प्लेस्टेशन २ साठी त्या देशात निघालेल्या जवळजवळ सर्व पुस्तिका एकेक पान करून चित्ररूपाने साठविल्या आणि इंटरनेट आर्काइव्हवर सर्वांस खुल्या केल्या. वसाहतीतला तो दादा मेलेला नाही, तो जगभर पसरला आहे. हे पाहून मनुष्यस्वभावाविषयी आदर वाटतो. पण शेजारी उदार आहेत म्हणून ऋणको मोकळा होत नाही. ज्याने मोल घेतले त्याचे देणे ज्याने काहीच घेतले नाही तो फेडीत असेल, तर त्या उपकाराची स्तुती करावी आणि देणेही विसरू नये.

हे सारे लिहीत असता एक गोष्ट मनाला टोचत होती, ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. विक्रेत्यांस दोष देणाऱ्या आम्ही स्वतः कोणती पुस्तिका मागे ठेवली? आमच्यासारखी शेकडो मराठी कुटुंबे करोलबागेत, पहाडगंजात, मागाहून यमुनेपलीकडे व नोएडात येऊन राहिली. मुलांच्या हाती आम्ही गणपती दिला, गुढी दिली, मंगळागौर दिली. खेळ दिला, नियम सांगितले नाहीत. पाहून शिकतील, असे आम्हीही म्हणालो. पैठणात वा पुण्यात पाहण्यास चार घरे असतात, वाड्यातली एखादी आजी असते. येथे पाहणार कोठे? आमच्या सुनेने एकदा विचारले, "बाबा, गौरी बसवताना हे असंच का करायचं?" आम्ही म्हणालो, "पूर्वापार चालत आलंय." ते उत्तर आणि 'खेळच शिकवितो' हे उत्तर यांत फारसे अंतर नाही, हे आता उमगते. कारण विचारले की आम्ही सूचना दाखवून ती नाहीशी करीत होतो. मंगळागौरीचे खेळ जिला येत ती पिढी गेली आणि तिने लिहून ठेवले नाही. त्यास तिचा इलाज नव्हता. आम्हांस मात्र लिहिता येत होते.

तेव्हा प्रश्नाचे आमचे उत्तर असे. देणाऱ्यावर बंधन आहे, मग तो विकणारा असो वा वारसा देणारा असो. वस्तू ज्या नियमांनी चालते ते नियम त्याने, घेणाऱ्यास पुन्हा पाहता येतील अशा रीतीने, आपल्या हातून सुटे करून द्यावे. काय बदलू शकते आणि केव्हा परत घेतले जाईल, तेही त्यातच सांगावे. मर्म राखून ठेवले तरी चालेल. कागदच हवा, असाही आमचा हट्ट नाही. झाडे वाचत असतील तर आनंद आहे. घेणाऱ्यास बोट दाखविता येईल असे काही हाती असावे, एवढेच मागणे. आणि घेणाऱ्यावरही एक बंधन आहे, ते म्हणजे पिशवीतली पुस्तिका कधी तरी काढून वाचण्याचे. आपण वाचीत नव्हतो, म्हणूनच ती देण्याचे थांबविणे त्यांस इतके सोपे गेले.

मागच्या आठवड्यात गुरुग्रामहून नातवाची धाकटी आतेबहीण राहावयास आली. तिलाही तो खेळ खेळावयाचा होता आणि याला शाळेत जावयाचे होते. सकाळी तो वहीचे एक पान फाडून काही लिहीत बसलेला दिसला. कोणते बटन कशासाठी, कोठे थांबले असता मरण नाही, परत आरंभापासून यावयाचे झाल्यास काय करावे, असे एकाखाली एक. भाषा मराठी, मधूनमधून हिंदी, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद. आम्ही शुद्धलेखन सुधारावयास पेन काढले होते, पण शेवटची ओळ वाचून ते परत खिशात ठेवले. त्याने लिहिले होते, 'याच्या पुढचं मला अजून माहीत नाही.' खाली नाव घातले होते. मुलगी परत गेल्यावर तो कागद आम्ही कपाटातल्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत, मिक्सरच्या पुस्तिकेशेजारी, जपून ठेवला आहे.